इस्रायली मराठीचा वारस कोण?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना नवल वाटेल. रशियांतील यहुदी लोकांचा इतिहास, त्यांची भाषा आणि त्यांचें वाङ्मय यांचा अभ्यास करूं इच्छिणाऱ्या तरुण संशोधकांसाठीं पाश्चात्य देशांत उन्हाळ्याच्या सुटींत अभ्यासवर्ग भरत असतात. नुकतीच पदवी घेतलेले विद्यार्थी तेथें कांहीं आठवडे एकत्र राहतात, जुनीं हस्ताक्षरें वाचावयास शिकतात आणि जाणत्या गुरूजनांच्या नजरेखालीं मूळ कागदपत्रें हाताळतात. भंडारा जिल्ह्यांतील आसगांवच्या एका निवृत्त शाळामास्तरानें, आणि तोही मॅट्रिकपर्यंतच मजल गेलेला, अशा वर्गांविषयीं बोलावें हें कोणास विचित्र वाटेल. कोठें नेवा नदी आणि कोठें आमची वैनगंगा! पण या दोहोंना जोडणारा एक दुवा महाराष्ट्रांतच आहे. शेंकडों वर्षें मराठी हीच ज्याची मायबोली, असा एक यहुदी समाज आपल्या कोंकणपट्टींत नांदत आला. त्यानें मराठींत प्रार्थना छापल्या, कीर्तनें रचलीं, वर्तमानपत्रें चालविलीं. तें सर्व वाचणारा, समजणारा आणि पुढील पिढीस सांगणारा माणूस आतां दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालला आहे. असा माणूस आपोआप निर्माण होत नाहीं. तो तयार करावा लागतो. कसा तयार करावा, याचा धडा रशियांतील यहुद्यांनीं जगाला घालून दिला आहे. म्हणून आधीं त्यांची हकीकत सांगतों.

झारच्या अमलाखालीं रशियाच्या पश्चिमेकडील प्रांतांत यहुदी लोकांना राहण्यास एक ठराविक पट्टा नेमून दिलेला होता. त्याबाहेर वस्ती करण्यास परवानगी लागे. १८९७ च्या खानेसुमारींत त्या साम्राज्यांत पन्नास लाखांहून अधिक यहुदी मोजले गेले. घरांत ते यिद्दिश बोलत, देवाची प्रार्थना हिब्रूंत करीत, सरकारदरबारीं रशियन चाले आणि शेजाऱ्याशीं पोलिश किंवा युक्रेनी भाषेंत व्यवहार होई. अशा समाजाचा इतिहास लिहावयाचा तर एका भाषेचा पंडित अपुरा पडणार, हें उघड आहे.

१८९१ सालीं सायमन दुबनोव्ह नांवाच्या इतिहासकारानें एक आवाहन प्रसिद्ध केलें. गांवोगांवच्या यहुदी पंचायतींच्या जुन्या वह्या, थडग्यांवरील लेख, घराघरांतील पत्रें आणि म्हाताऱ्यांच्या तोंडच्या आठवणी तरुणांनीं गोळा कराव्या, नाहीं तर आपला भूतकाळ आपल्या डोळ्यांदेखत नाहींसा होईल, असा त्याचा आशय होता. वीसएक वर्षांनीं दुसऱ्या एका गृहस्थानें तें काम प्रत्यक्ष अंगावर घेतलें. त्याचें लेखणीचें नांव अन्-स्की. १९१२ ते १९१४ या काळांत वोल्हिनिया व पोदोलिया या प्रांतांतील खेड्यापाड्यांतून तो आपल्या सोबत्यांसह हिंडला. एकजण गाणीं टिपून घेई, दुसरा छायाचित्रें काढी, तिसरा गोष्टी लिही. सुमारें ५०० मेणाच्या नळ्यांवर त्यांनीं आवाज उतरवून घेतले आणि दोनएक हजार छायाचित्रें काढलीं. सेंट पीटर्सबर्ग येथील यहुदी विद्यार्थ्यांना हाताशीं धरून अन्-स्कीनें एक प्रश्नावलि तयार केली. मनुष्य जन्मास येण्यापूर्वींपासून तों मृत्यूनंतरपर्यंतच्या चालीरीतींविषयीं तींत २०८७ प्रश्न होते. ती छापली गेली त्याच वर्षीं, १९१४ सालीं, पहिलें महायुद्ध पेटलें आणि मोहीम थांबली. पुढें त्याच सामग्रींतून अन्-स्कीचें ‘दिब्बुक’ हें नाटक जन्मास आलें आणि जगभर गाजलें.

येथें महाराष्ट्रीय श्रोत्याला एका योगायोगाची आठवण करून देतों. अन्-स्कीचा जन्म १८६३ सालचा. आमचे इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा जन्मही १८६३ सालचाच, आणि तोही कुलाबा जिल्ह्यांतील वरसई गांवचा. म्हणजे ज्या भूमींत आमचा यहुदी समाज शतकानुशतकें राहिला, त्याच भूमींतला. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून माळ्यावरचे, पोत्यांतले, वाळवीच्या तोंडचे कागद सोडविले. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला आणि १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. एकमेकांस कधींही न भेटलेल्या या दोघां पुरुषांना एकाच तळमळीनें पछाडलें होतें. मात्र राजवाड्यांचा हात शिवशाही व पेशवाईच्या दप्तरांवर पडला. त्यांच्या जन्मगांवाच्या आसपासच जीं यहुदी घरें होतीं, त्यांतील कागदांना असा वाली मिळाला नाहीं.

रशियन यहुद्यांनीं आणखी एक पाऊल पुढें टाकलें. १९२५ सालीं विल्ना शहरीं, जें पूर्वी झारच्या राज्यांत होतें व त्या वेळीं पोलंडमध्यें गेलें होतें, तेथें यिव्हो नांवाची संशोधनसंस्था निघाली. गांवोगांवच्या सामान्य माणसांनीं, त्यांत शिक्षक होते, शिंपी होते, दुकानदार होते, तिला गाणीं, म्हणी, हस्तलिखितें गोळा करून पाठविलीं. ढीग वाढत गेले. पण नुसत्या ढिगाला ज्ञान म्हणत नाहींत. कागद ओळखणारा, त्याचा काळ ठरविणारा आणि दुसऱ्या कागदाशीं ताडून पाहणारा डोळा लागतो. म्हणून १९३५ पासून त्या संस्थेनें तरुण अभ्यासकांना वर्षभर जवळ ठेवून घेऊन शिकविण्याची सोय केली. १९३८ सालीं न्यू यॉर्कहून एक तरुण मुलगी त्या वर्गांत दाखल झाली. पुढें लूसी दाविदोविच या नांवानें ती इतिहासकार म्हणून प्रसिद्धीस आली. युद्धाचे ढग दाटून आले तेव्हां, १९३९ च्या उन्हाळ्यांत, ती तेथून निघाली.

त्यानंतर जें घडलें तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. १९४१ सालीं जर्मन सैन्य त्या मुलखांत शिरलें. एक्याऐंशी वर्षांचे दुबनोव्ह त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रीगा शहरीं मारले गेले. विल्न्यांतील यहुद्यांना एका कोंडवाड्यांत कोंबण्यांत आलें, आणि यिव्होच्या इमारतींतील ग्रंथ निवडण्याच्या कामावर त्यांच्यांतीलच कांहीं कवि, शिक्षक व ग्रंथपाल जुंपले गेले. निवडक ग्रंथ जर्मनीस जावयाचे आणि उरलेले लगद्यासाठीं गिरणींत. या माणसांनीं रोज सायंकाळीं परततांना अंगरख्याच्या आंत, पायताणांत, कमरेला गुंडाळून कागद चोरून नेले व लपवून ठेवले. सांपडल्यास प्राण जाणार, हें प्रत्येकास माहीत होतें. बहुतेकांचे प्राण पुढें गेलेच. कागदांपैकीं मात्र कांहीं वांचले. युद्धानंतर अंतानास उल्पिस नांवाच्या एका लिथुआनियन ग्रंथपालानें, जो स्वतः यहुदी नव्हता, सोव्हिएट राजवटींत हे ग्रंथ व कागद एका जुन्या चर्चच्या इमारतींत जपून ठेवले. ते १९८९ च्या सुमारास उजेडांत आले. इकडे जर्मनींत नेलेल्या ग्रंथांचे ढीग १९४७ सालीं ओफेनबाख येथें निवडले जात होते, तेव्हां विल्न्याच्या पुस्तकांची ओळख पटविण्याचें काम लूसी दाविदोविच हिनें केलें. तिला तें जमलें, कारण नऊ वर्षांपूर्वीं ती त्याच घरांत शिकावयास राहिली होती. एका विद्यार्थिनीला दिलेलें एका वर्षाचें शिक्षण एका समाजाच्या स्मृतीला केवढा आधार देऊन गेलें, याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाहीं.

यिव्हो संस्था पुढें न्यू यॉर्कला स्थिरावली. तिच्या विद्यमानें १९६८ पासून यिद्दिश भाषेचा उन्हाळी वर्ग भरूं लागला. ज्यांच्या घरांत ती भाषा उरली नाहीं, अशीं मुलें तेथें ती पुस्तकांवरून शिकूं लागलीं. आजोबांचीं पत्रें वाचावयास नातवानें शाळेंत जावें, ही गोष्ट मनाला चटका लावणारी खरी. पण पत्रें न वाचतां फेकून देण्यापेक्षां ती कितीतरी बरी!

आतां आपण आपल्या घरीं येऊं. अलिबागजवळ नवगांव म्हणून एक गांव आहे. पूर्वीं कधीं काळीं तेथील किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी बेने-इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. हे लोक कोंकणांतील गांवोगांव तेलाचे घाणे चालवीत. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवारतेली म्हणत. आडनांवें त्यांनीं आपल्यासारखींच गांवांवरून घेतलीं. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर, राजपुरीचे राजपूरकर. नांवांनाही मराठी वळण लागलें. अब्राहामचा आबाजी झाला, मोशेचा मुसाजी झाला, सामुएलचा समाजी झाला. कंपनी सरकारच्या फौजेंतील समाजी हसाजी दिवेकर हे टिपूच्या कैदेंतून सुटून आले आणि १७९६ सालीं त्यांनीं मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. ज्या रस्त्यावर तें उभें आहे, त्याला त्यांचेंच नांव मिळालें.

यांच्या सणांचीं जुनीं नांवें ऐका: खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा रोजा. पहिल्या नांवांत आमच्या स्वयंपाकघराचा वास आहे. दुसरा त्यांचा सर्वांत मोठा उपवासाचा दिवस; त्या दिवशीं दारें लावून घेऊन सारें घर आंत बसे. तिसऱ्यांत बिरडें हें अस्सल कोंकणी खाद्य आहे, रोजा हा मुसलमान शेजाऱ्याकडून आलेला फारशी शब्द आहे, आणि तो दिवस मात्र जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन आहे. तीन शब्दांत तीन संस्कृतींचे थर! एलियाहू प्रेषिताच्या नांवानें हे लोक मलिदा करतात, म्हणजे गोड पोहे, खोबरें व फळें यांचा प्रसाद मांडून हिब्रू प्रार्थना म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळें गांवीं त्या प्रेषिताचा रथ उतरल्याची खूण ते दाखवितात. नुसतें हिब्रू जाणणारा पंडित येथें आला तर प्रार्थना त्याला समजेल, पण पोह्यांचा अर्थ लागणार नाहीं. नुसतें मराठी जाणणारा आला तर पोहे ओळखील, पण प्रार्थनेपाशीं अडेल. या कुलपाला दोन किल्ल्या लागतात आणि त्या एकाच माणसाच्या कंबरेला असाव्या लागतात.

छापील ग्रंथांचीही तीच कथा आहे. डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानें १८३२ सालीं मराठींतून हिब्रू व्याकरणाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. हेतु धर्मप्रसाराचा असला तरी त्यामुळें या समाजाच्या मुलांना आपल्या धर्मग्रंथांची भाषा मायबोलींतून शिकावयास मिळाली. १८४६ सालीं मुंबईस वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४ सालीं पुण्यांत तिचीच दुसरी एक आवृत्ति निघाली. तिच्यांत सणाच्या बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचें चित्र आहे, आणि त्या बायका लुगडीं नेसलेल्या आहेत. मिसर देशांतून सुटून आलेल्या लोकांची कथा, आणि भाकरी भाजणारी बाई कोंकणांतली! जोसेफ एझिकिएल राजपूरकर या मुंबईच्या मुख्याध्यापकांनीं, ज्यांचा काळ १८३४ ते १९०५, आपल्या हयातींत कितीएक हिब्रू प्रार्थना मराठींत आणल्या. १८८० च्या सुमारास या समाजानें आमचें कीर्तनही आपलेंसें केलें. साकी, दिंडी, ओवी यांतून योसेफाचें आख्यान रंगूं लागलें, मोशेचें चरित्र गाइलें जाऊं लागलें, आणि बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारखे कीर्तनकार पुढें आले.

आणि आतां तो दुवा, ज्याचा उल्लेख मीं प्रारंभीं केला. हाईम सामुएल किहीमकर या विद्वान गृहस्थांनीं आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजींत लिहून १८९७ सालीं पुरा केला. तो छापला जाईपर्यंत चाळीस वर्षें गेलीं आणि ग्रंथकर्ते कधींच निवर्तले होते. १९३७ सालीं तो तेल अवीव येथें प्रसिद्ध झाला, तो इमानुएल ओल्सव्हांगर यांच्या संपादकत्वाखालीं. हे ओल्सव्हांगर कोण? झारच्या राज्यांतील पोलिश मुलखांत १८८८ सालीं जन्मलेले यहुदी पंडित. यिद्दिश लोककथांचा त्यांनीं संग्रह केला होता, संस्कृत ते जाणत आणि भगवद्गीतेचें त्यांनीं हिब्रूंत भाषांतर केलें. १९३६ सालीं ते हिंदुस्थानांत आले. विचार करा: कोंकणांतील मराठी यहुद्यांचा इतिहास जगापुढें आणण्यास संस्कृत जाणणारा एक रशियन यहुदी लागला! असा बहुश्रुत मनुष्य योगायोगानें भेटला म्हणून हें हस्तलिखित छापलें गेलें. पण एखाद्या समाजाचा इतिहास अशा योगायोगावर कितीदां सोंपवावा?

आमच्या वऱ्हाड-नागपूरकडील श्रोत्यांना हा विषय अगदींच परका वाटूं नये म्हणून आणखी एक नांव सांगतों. हर्मन कॅलेनबाख हे १८७१ सालीं लिथुआनियाच्या भागांत, म्हणजे तेव्हांच्या रशियन साम्राज्यांत, जन्मलेले यहुदी. दक्षिण आफ्रिकेंत त्यांनीं १९१० सालीं आपली ११०० एकरांची जमीन गांधीजींच्या सत्याग्रही कुटुंबांसाठीं दिली, तीच टॉल्स्टॉय वाडी. १९३९ सालीं ते वर्ध्याजवळच्या सेवाग्रामांत येऊन राहिले होते. यहुद्यांच्या प्रश्नावर गांधीजींनीं १९३८ च्या नोव्हेंबरांत लिहिलेला गाजलेला लेखही त्याच आश्रमांतून गेलेला आहे. रशियन यहुद्यांच्या अभ्यासाची वाट अशी आमच्या विदर्भाच्या मातीवरूनही जाते.

श्रोतेहो, आज परिस्थिति काय आहे? १९४८ सालीं इस्रायलचें राज्य स्थापन झालें त्या सुमारास हिंदुस्थानांत बेने-इस्रायल सुमारें २०,००० होते. त्यानंतर बहुतेक कुटुंबें तिकडे गेलीं. तेथेंही त्यांना आपलें यहुदीपण सिद्ध करण्यासाठीं झगडावें लागलें, आणि ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असें तेथील सरकारनें १९६४ सालीं जाहीर केलें. अश्दोद, दिमोना, लोद या गांवीं त्यांची वस्ती आहे. ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिकही त्यांनीं तेथें चालविलें. परंतु तेथें जन्मलेलीं नातवंडें हिब्रूंत शिकलीं. आजीचें मराठी कानाला गोड लागतें, पण देवनागरी अक्षर त्यांना वाचतां येत नाहीं. इकडे महाराष्ट्रांत उरलेला समाज थोड्या हजारांवर आला आहे. २०१६ सालीं राज्य सरकारनें त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तें योग्यच झालें. पण दर्ज्यानें पोथी वाचतां येत नाहीं. ज्यांना हिब्रू येतें त्यांना मराठी येत नाहीं, ज्यांना मराठी येतें त्यांना हिब्रू येत नाहीं, आणि ज्यांना दोन्ही येतात ते बहुतेक सत्तरीच्या पलीकडे गेले आहेत. दुबनोव्हनें १८९१ सालीं जी भीति व्यक्त केली, तीच आज आपल्या दारांत उभी आहे. फरक इतकाच कीं येथें कोणी शत्रु चालून आलेला नाहीं. आमच्याकडे नाश होईल तो निष्काळजीपणानें.

तेव्हां उपाय काय? माझी सूचना शाळामास्तराला शोभेल इतकी साधी आहे. महाराष्ट्रांतील एखाद्या विद्यापीठानें किंवा संशोधनसंस्थेनें दरवर्षीं मे महिन्यांत चार आठवड्यांचा एक वर्ग भरवावा. बारा ते पंधरा विद्यार्थी पुरेत. त्याहून अधिक झाले कीं गुरूची नजर प्रत्येकाच्या वहीवर पोंचत नाहीं. त्यांत कांहीं मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्र शिकणारे येथील तरुण असावे आणि कांहीं बेने-इस्रायल घरांतील मुलें असावीं, मग तीं ठाण्याचीं असोत कीं अश्दोदचीं. दोघांनीं एका बाकावर बसावें. पहिल्यास मराठी येतें, दुसऱ्यास हिब्रू येतें. ते एकमेकांचे अर्धे गुरू होतील.

पहिल्या आठवड्यांत लिपि. हिब्रू वर्णमाला बावीस अक्षरांची. उजवीकडून डावीकडे लिहावयाची. ज्या मुलानें आमचीं बाराखडीचीं अक्षरें घोटलीं, त्याला तीं आठ दिवसांत ओळखतां येतील. सोबत मोडीही हवी, कारण जुन्या कोंकणी घरांतील व्यवहाराचे कागद मोडींत असतात.

दुसऱ्या आठवड्यांत काळ. हिब्रूंत अक्षरांनीं अंक लिहितात. आलेफ म्हणजे एक, योद म्हणजे दहा, कोफ म्हणजे शंभर. आमच्या जुन्या पोथींत चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, तसाच कांहींसा हा प्रकार. यहुदी वर्ष आमच्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, तिश्री महिन्यांत, सुरू होतें. त्या वर्षाच्या आंकड्यांतून ३७६० वजा केले कीं इसवी सन मिळतो. मात्र वर्षारंभापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ३७६१ वजा करावे लागतात. समजा, एका थडग्यावर ५६३४ सालचा वल्हांडण लिहिलेला आहे. वल्हांडण वसंत ऋतूंत येतो, म्हणून ३७६० वजा करून १८७४ मिळाले, आणि त्यांतून ७८ वजा करून शके १७९६. म्हणजे पुण्याची ती चित्रांची पोथी निघाली त्याच सालचा हा दगड. हें गणित चौथीच्या मुलाला येईल. पण तें करावयाचें असतें हें ज्याला ठाऊक नाहीं, तो मोठा पदवीधर असला तरी एका वर्षानें चुकेल.

तिसऱ्या आठवड्यांत कान. म्हाताऱ्या माणसांना प्रश्न कसे विचारावे हें शिकवावें लागतें. ‘तुम्ही शनिवारीं काम करीत नव्हतां ना?’ असें विचारलें तर म्हातारी मानेनें होय म्हणेल आणि गोष्ट तेथेंच संपेल. ‘लहानपणीं शुक्रवारीं संध्याकाळीं तुमच्या घरांत काय काय होई?’ असें विचारलें तर दिवा कोण लावी, भात कोण शिजवी, शेजारच्या कोणत्या बाईनें चूल पेटवून दिली, हें सारें बाहेर येईल. उत्तर प्रश्नाच्या पोटांत घालूं नये, हा पहिला नियम. आणि म्हातारी गप्प बसली तर आपणही गप्प बसावें, हा दुसरा. अन्-स्कीची प्रश्नावलि समोर ठेवून कोंकणाला लागू पडेल अशी नवी प्रश्नावलि विद्यार्थ्यांनीं स्वतः बनवावी.

चौथ्या आठवड्यांत हात. अलिबाग, रेवदंडा, पनवेल या गांवांच्या जुन्या प्रार्थनामंदिरांत व कबरस्तानांत जाऊन, तेथील मंडळींच्या परवानगीनें, दगडांवरील लेख उतरून घ्यावे, विवाहाच्या करारपत्रांची यादी करावी, कीर्तनाच्या वह्यांचीं छायाचित्रें घ्यावीं. एक गोष्ट मात्र कटाक्षानें पाळावी: मूळ कागद घरवाल्यांकडे राहावा आणि त्याची एक वाचतां येण्याजोगी नक्कल, अर्थासह, त्यांना भेट द्यावी. संशोधक येतो, कागद घेऊन जातो आणि पुन्हां तोंड दाखवीत नाहीं, ही तक्रार खेड्यापाड्यांतून मीं पुष्कळदां ऐकली आहे. ज्या घरानें आपल्याला पेटी उघडून दाखविली, त्या घराला त्या पेटींत काय आहे हें कळलेंच पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, कीं मूठभर लोकांसाठीं एवढा खटाटोप कशाला? त्याला माझें उत्तर एवढेंच, कीं हे कागद मूठभर लोकांचे नाहींत, मराठीचे आहेत. परधर्माच्या ग्रंथाला मराठीनें कसें सामावून घेतलें, कोंकणांत तीन धर्मांचे लोक एका आळींत कसे नांदले, याचा पुरावा दुसरीकडे कोठें मिळणार?

दुसरा आक्षेप आमच्या गांवाकडचा. भंडाऱ्याच्या मुलानें तिकडे जाऊन काय करावें? आमच्या तालुक्याच्या पवनी गांवीं १९६९-७० सालीं उत्खनन होऊन जुने स्तूप उघडे पडले. त्यांच्या कठड्यांवर दात्यांचीं नांवें ब्राह्मी लिपींत कोरलेलीं आढळलीं. दोन हजार वर्षें त्या नांवांवरून गुरें चरून गेलीं. लिपि जाणणारा आला तेव्हां ते दगड बोलूं लागले. आमच्या जुन्या वाड्यांतून मालगुजारीच्या काळचे मोडी कागद अजून असतील. भाताच्या रोवणीच्या वेळीं बांधींत वांकून बायका जीं गाणीं म्हणत, तीं आतां थोड्याच जणींना पाठ आहेत. झाडीबोलीचे कितीएक शब्द शाळेंत हसण्यावारी नेले जातात म्हणून मुलें ते घरींही बोलेनाशीं झालीं आहेत. कोंकणांतील यहुदी आजीचें बोलणें नीट ऐकावयास शिकलेला आमचा मुलगा परत येऊन आपल्याच आजीजवळ वही घेऊन बसेल. ऐकण्याची विद्या एकदां हातीं लागली, कीं ती कोणत्याही गांवीं उपयोगीं पडते.

खर्चाचाही बाऊ करण्याचें कारण नाहीं. उन्हाळ्यांत शाळांच्या इमारती रिकाम्या असतात. सकाळीं सहा ते दहा शिकावें, दुपारीं सावलींत बसून वाचावें, सायंकाळीं म्हाताऱ्यांच्या अंगणांत जावें. विल्न्याच्या संस्थेला ज्यांनीं गाणीं पाठविलीं, तेही शिंपी आणि शाळामास्तरच होते. सरकारी अनुदान मिळालें तर उत्तम. पण त्याची वाट पाहत दहा उन्हाळे घालवूं नयेत. दहा उन्हाळ्यांनंतर मे महिना तेवढाच कडक असेल, शाळाही रिकामी असेल. फक्त अंगणांतील म्हातारें माणूस नसेल.

आपल्या परिचयांत एखादें बेने-इस्रायल कुटुंब असेल, तर त्यांच्या घरीं जा, आणि जुनी मराठी पोथी, वही किंवा पत्र असेल तर तें जपून ठेवण्याची विनंति करा. आपल्या घरांत इतिहासाची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर या सुटींत त्याला बावीस अक्षरें शिकूं द्या. आणि आपण कोणत्या विद्यापीठाशीं किंवा मंडळाशीं संबंधित असाल, तर हा वर्ग पुढच्याच उन्हाळ्यांत उघडण्याचा विषय सभेपुढें आणा. किहीमकरांचें हस्तलिखित चाळीस वर्षें थांबलें. आतां थांबण्यास तितका अवकाश नाहीं.